लाजेपोटी लपवलेली गाठ

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळी नदीच्या काठाला लागून बागबाजार ही जुनी वस्ती आहे. रसगुल्ल्यासाठी नावाजलेले नवीनचंद्र दास इथलेच. भगिनी निवेदिता राहत होत्या ती बोसपाडा गल्लीही इथेच. जुनी घरे, अरुंद गल्ल्या आणि नदीचे घाट बघत फिरणारा मराठी माणूस एका पाटीपाशी मात्र हमखास थबकतो. पाटीवर नाव असते 'मराठा डिच लेन', म्हणजे मराठा खंदकाची गल्ली!

ही गोष्ट १७४२ सालची. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेली होती. तिच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. मराठे कोलकात्यावर काही आले नाहीत, आणि काम तिथेच थांबले. अर्धवट राहिलेल्या त्या खंदकात पुढे सांडपाणी आणि कचरा साचू लागला. त्याचा काही भाग १७९९ मध्ये बुजवला गेला आणि उरलेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

ज्याच्या भीतीने खंदक खणला तो शत्रू आलाच नाही. बंगालमध्ये एक शत्रू मात्र घराघरात होता, आणि त्याची कुणाला कल्पना नव्हती. तो होता डास. घाणेरड्या, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स जातीचा डास फायलेरियाचे, म्हणजे हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. या रोगाने पाय सुजतो हे सर्वांना ठाऊक असते. पुरुषांमध्ये अंडकोषही सुजतो, हे मात्र फारसे बोलले जात नाही. आणि न बोलल्यामुळे काय होते, याची एक विलक्षण हकिगत याच नदीच्या काठावर घडलेली आहे.

गाठीचेच मेज!

बागबाजारच्या घाटावरून नदीने वर गेले की हुगळी गाव लागते. १८४५ मध्ये तिथल्या इस्पितळात जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर नोकरीला होता. त्याच्याकडे चाळिशीचा एक दुकानदार आला. आला म्हणण्यापेक्षा आणला गेला म्हणावे, कारण त्याला हलताही येत नव्हते. त्याच्या अंडकोषाची सूज इतकी वाढली होती, की कित्येक वर्षे तो तिच्यावर वही ठेवून दुकानाचा हिशेब लिहीत असे. सतत लिहिण्याच्या दाबाने त्या गाठीला मेजासारखा आकार आला होता. एस्डेलने ती कापून काढली आणि वजन केले. ते भरले ऐंशी पौंड, म्हणजे जवळजवळ छत्तीस किलो!

ही गाठ काही एका रात्रीत वाढली नव्हती. सुरुवातीला ती लिंबाएवढी असेल, मग नारळाएवढी झाली असेल. त्या दुकानदाराने ती धोतराच्या निऱ्यांत लपवली असेल. पण त्याला नुसता दोष देता येत नाही. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. अशा शस्त्रक्रियेत वेदनेने आणि रक्तस्रावाने माणूस दगावण्याची भीती मोठी होती. मरणापेक्षा ओझे बरे, असा हिशेब लोक करत.

एस्डेलने यावर एक अजब तोड काढली. ४ एप्रिल १८४५ रोजी दोन्ही बाजूंना पाणी भरलेला एक कैदी त्याच्यापुढे होता. उपचाराने तो कळवळू लागला, तेव्हा एस्डेलने मेस्मेरिझमचा, म्हणजे संमोहनासारख्या विद्येचा प्रयोग केला. ही विद्या त्याने केवळ वाचलेली होती, कधी पाहिलेलीही नव्हती. कैद्याला गुंगी आली आणि वेदना जाणवेनाशा झाल्या. मग एस्डेलने आपल्या देशी मदतनिसांना हे तंत्र शिकवले. अंधाऱ्या खोलीत ते रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवत. पहिल्या आठ महिन्यांत आपण ७३ शस्त्रक्रिया वेदनेविना केल्या, असे त्याने सरकारला कळवले. सरकारने समिती नेमली आणि नोव्हेंबर १८४६ मध्ये कोलकात्यात खास इस्पितळ काढून दिले. पण १८४७ मध्ये इथर आणि पाठोपाठ क्लोरोफॉर्म कोलकात्यात पोहोचले. मग त्या इस्पितळाची गरज उरली नाही आणि ते बंद झाले.

या हकिगतीतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. वेदना होणार नाही एवढा भरवसा मिळताच, वर्षानुवर्षे लपून राहिलेले रोगी दूरदूरच्या गावांतून एस्डेलच्या दाराशी येऊ लागले. म्हणजे रोगी तेव्हाही होतेच. त्यांना दाराबाहेर पडायला धीर तेवढा हवा होता.

या सुजेचे मूळ कशात आहे, याचा एक धागाही कोलकात्यातच हाती लागला. टिमथी लुइस या डॉक्टरला १८७२ मध्ये तिथल्या रोग्यांच्या रक्तात फायलेरियाची सूक्ष्म पिल्ले सापडली. पाच वर्षांनी पॅट्रिक मॅन्सनने चीनमध्ये दाखवून दिले, की ही पिल्ले डासाच्या शरीरात वाढतात.

गाठ म्हणजे कर्करोगच का?

आज भूल आहे, प्रतिजैविके आहेत, सोनोग्राफी तालुक्याच्या गावीही पोहोचली आहे. तरीही अंडकोषात गाठ लागली की पुरुष गप्प बसतो. बायकोलाही सांगत नाही. तरुण मुलगा आईवडिलांना सांगत नाही. मनात दोन भीती असतात. पहिली, हा कर्करोग तर नसेल? दुसरी, लोक काय म्हणतील, आपल्याला मूल होईल ना?

पहिल्या भीतीचे उत्तर दिलासा देणारे आहे. या भागात जाणवणाऱ्या बहुतेक सुजा कर्करोगाच्या नसतात. सर्वांत जास्त आढळते ते हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या पिशवीत पाणी भरणे. आपल्या पूर्वजांना ते चांगले ठाऊक होते. सुश्रुताने 'वृद्धी'चे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या मूत्रवृद्धीमध्ये टोकदार शस्त्राने छिद्र पाडून नळीने पाणी काढण्याची रीतही दिली आहे. याशिवाय हर्निया, म्हणजे अंतर्गळ असतो. त्यात आतडे खाली उतरते. व्हेरिकोसीलमध्ये अशुद्ध रक्ताच्या शिरा फुगतात आणि हाताला गांडुळांची पिशवी असल्यासारखे लागते. वृषणाच्या वरच्या टोकाला पाण्याची लहान गाठ होते. जंतुसंसर्गाने सूज येते. आपल्याकडे या जागी क्षयरोगाचीही गाठ होते, आणि ती औषधांनी बरी होते.

याहून वेगळ्या आणि क्वचित आढळणाऱ्या असतात त्या खऱ्या अर्थाने साध्या गाठी. 'ट्यूमर' या शब्दाचा मूळ अर्थ नुसती सूज असा आहे. पेशी अकारण वाढून गोळा झाला, पण तो शेजारच्या भागात घुसला नाही आणि शरीरात इतरत्र पसरला नाही, तर ती साधी गाठ. घुसली, पसरली तर कर्करोगाची.

अशा साध्या गाठींचे काही नमुने सांगण्यासारखे आहेत. वृषणाच्या मागे वेटोळे घालून बसलेली एक नळी असते. तिला अधिवृषण म्हणतात. तिच्यावर, बहुधा खालच्या टोकाला, वाटाण्याएवढी टणक, न दुखणारी गाठ येते. तिचे नाव अ‍ॅडिनोमॅटॉइड ट्यूमर. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत ती अधिक दिसते. तेवढीच गाठ काढली की काम संपते.

दुसरी एपिडर्मॉइड सिस्ट. ही खुद्द वृषणात होते. तिच्या आत त्वचेच्या पेशींचा पांढरा, भुसभुशीत ऐवज थरावर थर साचतो. सोनोग्राफीत ती चिरलेल्या कांद्यासारखी दिसते. वृषणात होणाऱ्या शंभर गाठींत अशी सुमारे एक असते.

तिसरी लायडिग पेशींची गाठ. या पेशी पुरुषी संप्रेरक तयार करतात. सहा-सात वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला, अंगावर केस येऊ लागले, तो एकाएकी उंच होऊ लागला, तर 'पोरगा लवकर थोर झाला' म्हणून कौतुक करू नये, डॉक्टरांना दाखवावे. मोठ्या पुरुषांत हीच गाठ छातीच्या वाढीने प्रकट होते. मुलांमध्ये ती पसरत नाही. मोठ्यांमध्येही बहुतेक वेळा साधीच असते, पण काही थोड्या पसरतात. म्हणून पुढे लक्ष ठेवावे लागते.

शुक्रवाहिनीच्या दोरीत चरबीची गाठ होते आणि ती हुबेहूब हर्नियासारखी दिसते. अंडकोषाच्या कातडीवर पांढऱ्या, कडक गोळ्या येतात. त्यांत चुना साचलेला असतो. शिश्नाच्या टोकाशी कडेने मोत्यांच्या बारीक सरीसारखे उंचवटे असतात. तो तर रोगच नाही! कित्येक तरुण त्यांना गुप्तरोग समजून महिनोन्‌महिने झोप घालवतात आणि भोंदू वैद्यांचे खिसे भरतात.

डॉक्टर काय करतात?

तपासणीची भीती बव्हंशी अज्ञानातून येते. प्रत्यक्षात पहिली तपासणी पाच-दहा मिनिटांची असते आणि दुखत नाही.

डॉक्टर आधी प्रश्न विचारतात. सूज कधीपासून, दुखते का, मार लागला होता का, ताप आला होता का, लहानपणी वृषण जागेवर उतरले होते का. मग रोग्याला उभे करून आणि आडवे करून हाताने तपासतात. सुजेच्या वर बोटे पोहोचली तर सूज अंडकोषातलीच. न पोहोचली आणि खोकल्यावर धक्का जाणवला तर हर्निया. यानंतरची परीक्षा जुनी, पण गमतीची आहे. खोलीत अंधार करून सुजेला टॉर्च लावतात. आत पाणी असेल तर सारी सूज लालसर कंदिलासारखी उजळते. भरीव गाठ असेल तर प्रकाश अडतो.

यानंतर सोनोग्राफी. गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिने सुटतो. वृषणाच्या बाहेरची गाठ बहुतेक वेळा साधी असते. वृषणाच्या आतली भरीव गाठ मात्र तपास पुरा होईपर्यंत कर्करोगाचीच धरून चालावे लागते. डॉप्लर तपासणीने गाठीतले रक्ताभिसरण कळते. जोडीला रक्तात एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच यांचे प्रमाण मोजतात. ते वाढलेले असेल तर धोक्याची सूचना. पण ते नेहमीसारखे आले म्हणून धोका नाहीच, असे मात्र नाही.

एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. वृषणातल्या संशयित गाठीत अंडकोषाच्या कातडीतून सुई घालून तुकडा काढत नाहीत. गाठ वाईट निघालीच, तर त्या वाटेने ती पसरू शकते. 'सुई टोचून पाणी काढून देतो' म्हणणाऱ्याकडे म्हणूनच जाऊ नये. साधे हायड्रोसील असले तरी सुईने काढलेले पाणी बहुधा पुन्हा भरते, आणि अस्वच्छ सुईने पू होतो तो वेगळाच.

काढावे किती, राखावे किती?

पूर्वी वृषणात भरीव गाठ दिसली की सारे वृषण काढून टाकण्याचीच रीत होती. गाठ कर्करोगाची असेल तर आजही तेच करतात, आणि ते योग्यच आहे. पण पुष्कळांच्या बाबतीत काढलेले वृषण प्रयोगशाळेत गेल्यावर कळे, की गाठ साधीच होती. त्या माणसाने एक चांगला अवयव विनाकारण गमावलेला असे.

आता यातून मार्ग निघाला आहे. गाठ लहान आहे, रक्ततपासणी चांगली आहे आणि सोनोग्राफीचे चित्र साध्या गाठीसारखे आहे, अशा वेळी सर्जन जांघेत छेद घेऊन वृषण वर काढतात. रक्तवाहिन्यांना तात्पुरता चिमटा लावतात आणि फक्त गाठ, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासह, कापून घेतात. ती तिथल्या तिथे गोठवून, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. रोगी भुलेखाली असतानाच निरोप येतो. गाठ साधी असेल तर वृषण शिवून परत जागेवर ठेवतात. वाईट असेल तर त्याच बैठकीत काढतात. ही सोय सगळीकडे नसते. म्हणून अशा गाठीसाठी मूत्ररोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजी विभाग एकाच छताखाली असलेले मोठे रुग्णालय गाठणे शहाणपणाचे.

हायड्रोसीलची शस्त्रक्रिया त्या मानाने सोपी आहे. पाणी काढून पिशवी उलटवतात किंवा चुण्या घालून शिवतात. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. फायलेरियाच्या औषधांनी रक्तातली पिल्ले मरतात, पण साचलेले पाणी आणि जाड झालेली कातडी पूर्ववत होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच लागते.

आता दुसऱ्या भीतीचे उत्तर. हायड्रोसीलच्या किंवा साध्या गाठीच्या शस्त्रक्रियेने पुरुषत्व जात नाही. एक वृषण काढावे लागले तरी दुसरे निरोगी असेल, तर संप्रेरके आणि संतती या दोन्हींना सहसा ते पुरते. दोन मूत्रपिंडांपैकी एकावर माणूस जगतो, तसेच हे. तरीही वृषण काढण्याआधी वीर्य साठवून ठेवण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

आणि कर्करोग निघालाच तर? वृषणाचा कर्करोग भारतात कमी आढळतो. वर्षाला लाख पुरुषांत एकाहूनही कमी. तो प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयात होतो. पण बऱ्या होणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक फार वरचा आहे. लवकर आलेल्या शंभर रोग्यांतले पंच्याण्णवांहून अधिक बरे होतात. जे हरतात, त्यांच्यातले बरेच जण उशिरा आलेले असतात.

घरातल्यांनी काय बघावे?

या विषयात घरच्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. बाळाला न्हाऊ घालताना आईच्या किंवा आजीच्या हाताला आधी कळते. जन्मतः असलेले हायड्रोसील बहुधा एक-दोन वर्षांत आपोआप जाते. पण रडताना जांघेत फुगा येत असेल, तर तो हर्निया. त्याला शस्त्रक्रिया हवी. एखादे वृषण अंडकोषात लागतच नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी आणि न उतरल्यास साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने जागेवर आणावे. असे वर राहिलेले वृषण पुढे कर्करोगाचा धोका वाढवते. 'मोठा झाला की होईल सगळे ठीक' हा सल्ला इथे महागात पडतो.

मोठ्या मुलांना आणि पुरुषांना रोज चाचपत बसण्याची गरज नाही. पण कोमट पाण्याने अंघोळ करताना आपले शरीर एरवी कसे लागते याची ओळख असावी. म्हणजे बदल झाला तर कळतो. पुढील वेळी डॉक्टरांकडे जाण्यास दिरंगाई करू नये:

वृषणात कडक, न दुखणारी गाठ किंवा जडपणा जाणवला तर त्याच आठवड्यात. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणात एकाएकी तीव्र कळ आली, उलटी झाली, तर त्याच तासाला! वृषणाला पीळ बसलेला असू शकतो आणि सुमारे सहा तासांत तो सोडवावा लागतो.

हर्नियाची सूज दुखू लागली आणि आत जाईनाशी झाली तर तेव्हाच.

पंधरा दिवसांच्या औषधाने संसर्गाची सूज उतरली नाही तर सोनोग्राफी करून घ्यावी.

आपल्या भाषेत बोलावे

बागबाजारपासून जवळच, श्यामबाजारच्या पुढे, आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचा उगम १८८६ मध्ये निघालेल्या एका खासगी वैद्यकशाळेत आहे. ती काढणाऱ्या डॉ. राधागोविंद करांनी वैद्यकाची पुस्तके बंगालीत लिहिली. सुरुवातीला तिथले शिक्षणही बंगालीतून दिले जाई. १८९९ च्या प्लेगात हेच डॉक्टर कर आणि भगिनी निवेदिता बागबाजारच्या झोपड्यांत रोग्यांपाशी गेले. प्लेगच्या घरात पाऊल टाकायला लोक भीत, अशा काळात.

रोगाविषयी आपल्या भाषेत बोलता आले, तर भीती अर्धी होते. मराठीत या अवयवांची नावे एकतर शिवीत येतात किंवा जड ग्रंथात. मधला, साधा, घरगुती शब्द सापडत नाही म्हणून बाप मुलाशी बोलत नाही आणि मुलगा बापाशी. डॉक्टरपुढेही 'जरा खालचा त्रास आहे' एवढ्यावरच गाडी अडते. खरे तर 'अंडकोषात गाठ लागतेय' हे तीन शब्द पुरेसे असतात.

महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, हत्तीरोग अजूनही आहे. ज्या नागपूरच्या फौजेसाठी बागबाजारला खंदक खणला, त्याच नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून एकाच वेळी तीन औषधांच्या गोळ्या लोकांना समक्ष खायला देण्याची मोहीम सुरू झाली. २०२७ पर्यंत देशातून हा रोग घालवायचे सरकारने ठरवले आहे. गोळ्या देणारी आशाताई दारात येते, तेव्हा त्या घेणे हे प्रत्येकाचे काम. आणि घरातल्या एखाद्या पुरुषाने वर्षानुवर्षे काही लपवले असेल, तर त्याला दवाखान्यात घेऊन जाणे हे घरच्यांचे काम.

हुगळीच्या त्या दुकानदाराला दुसरा इलाज नव्हता, म्हणून त्याने गाठीचे मेज केले. आज इलाज आहे. उगाच ओझे वाहण्याचे कारण नाही.